कोरडवाहू पाणबुड्या

आमच्याकडे माणूस पाण्यात उतरतो तो काहीतरी काढायला. पोहरा पडला, काढा. मोटारीचा फुटव्हॉल गाळात रुतला, काढा. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ, पावसाळ्यात नदीला वाहून आलेलं लाकूड, एखाद्या वर्षी कुणाची म्हैस. नुसतं बघायला म्हणून पाण्यात उतरलेला माणूस आमच्या दुसरबीडच्या इतिहासात सापडणं कठीण. पोरं विहिरीत मुटके मारतात खरी, पण त्यांचंही सगळं ध्यान काठावर असतं. विहिरीचा मालक काठी घेऊन कोणत्या बांधावरून येतो याकडे.

पाण्याची खोली आम्ही परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, मोजतो. ‘औंदा पाच परस खाली गेलं’ असं कुणी म्हटलं की पुढचं बोलणं आपोआप टँकरवर, बोअरवर आणि शेवटी बँकेवर जातं. पाणी किती उरलं, कुणाच्या वाट्याचं, लाईट रात्री किती वाजता येणार, एवढंच विचारायचं. पाण्याच्या आत काय आहे, हे विचारायची आमच्यावर कधी वेळच आली नाही. आत पाणी आहे, हेच पुष्कळ.

गावात पडलेल्या वस्तू काढून देणारा एक जण होता. विहिरीत उतरण्याआधी तो दोराला हात लावून नमस्कार करायचा, कानांच्या पाळ्या ओल्या करायचा, मग छाती फुगेपर्यंत हवा भरून गडप. वर उभे असलेले सगळे मनातल्या मनात आकडे मोजायचे. काहींचे आकडे संपायचे, काहींचा धीर. मग बुडबुडे, मग पोहरा, मग पोहऱ्यामागून चिखलाने माखलेला चेहरा. वर आल्यावर त्याला चहा लागायचा, त्यात साखर दुप्पट. ‘खाली काय दिसलं रे?’ असं कुणी विचारलं तर तो विचारणाऱ्याकडेच कीव आल्यासारखं बघायचा. ‘काय दिसणार? अंधार.’

आमच्या पंचक्रोशीतलं सर्वांत नामांकित पाणी म्हणजे लोणारचं. आकाशातून आलेल्या उल्केने काळ्या बसाल्टात पाडलेला खड्डा, तोंडाचा व्यास पावणेदोन किलोमीटरच्या वर, आणि तळाशी खारं, क्षारांनी भरलेलं सरोवर. २०२०च्या जून महिन्यात ते अचानक गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करणी असल्याचं पुढे तपासणीत निघालं. त्याच वर्षी ते रामसर पाणथळांच्या यादीतही गेलं. लोक विमानाने येतात, काठावर उभं राहून फोटो काढतात. साऱ्या जगात नाव झालेलं पाणी आम्हाला मिळालं, आणि त्यात औषधाला मासा नव्हता.

अशा मुलखातला पन्नाशी ओलांडलेला माणूस समुद्राच्या तळाशी प्रवाळ बघायला निघतो, हे गावात सांगायचं कसं? मी सांगणारच नव्हतो. बातमी पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने फोडली.

‘काका मालवणला स्कूबा करणार हायेत.’

‘म्हंजे काय करणार?’

‘पाण्यात बुडायचं. पैसे देऊन.’

पारावर बसलेल्या आबांनी तंबाखू मळायची थांबवली. ‘पैसे देऊन बुडाले तेवढ्या लांब कायले जा लागते? आपल्याकडं पतसंस्था काय कमी हायेत?’

त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आमचं घर माळकरी, त्यामुळे मासा हा विषय घरात मत्स्यावतारापुरता. मंडळींचं म्हणणं त्याहून सरळ होतं: ‘तुम्ही खाली जा. मी वर विम्याचे कागद धरून बसते.’

दुसरबीड जालना–मेहकर रस्त्यावरचं गाव. सिंदखेड राजाकडे निघालं की राहेरीजवळ खडकपूर्णेवरचा पूल लागतो. या पुलावरून जाताना समुद्राला निघालेल्या माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खडकपूर्णेचं पाणी गोदावरीला मिळतं आणि गोदावरीबरोबर थेट बंगालच्या उपसागरात जातं. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली दुसरी पूर्णा आहे, ती तापीला मिळून अरबी समुद्र गाठते. म्हणजे मलकापूर-नांदुऱ्याच्या माणसाचं मालवणच्या समुद्राशी पाण्याचं नातं तरी आहे. आमचं तेही नाही. आमच्या शिवारातला एकही थेंब आपण होऊन त्या बाजूला वळत नाही. वळायचं तर माणसाने एसटीने, नाहीतर पुतण्याच्या गाडीने.

पण पाण्याचं नसलं तरी दुसरं एक नातं आहे आणि ते फार मोठं आहे. राहेरीचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की सिंदखेड राजा. लखुजीराव जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. १२ जानेवारीच्या जयंतीला तिथे इतकी गर्दी लोटते की आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. शिवाजी महाराजांचं आजोळ आमच्या तालुक्यातलं. आणि मालवणला ज्या पाण्यात पर्यटक बुड्या मारतात ते पाणी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाला लागून. तालुक्याच्या लेकीच्या लेकाने समुद्रात बांधलेला किल्ला. आजोळच्या माणसाला तिथे जायला निमित्त कशाला हवं? उशीर झाला, एवढंच म्हणता येईल.

सातशे-साडेसातशे किलोमीटर गाडीत बसल्यावर अंगाचं जे व्हायचं ते झालं होतं. मालवणच्या धक्क्यावर डोंगीसमोर ओळखीपाळखी सुरू झाल्या. आमचा मार्गदर्शक म्हणजे मच्छीमाराच्या घरातला तरणा मुलगा, भरदार दंडांचा. ‘खयसून इलात?’ त्याने विचारलं. मी बुलढाणा म्हटलं. ‘म्हणजे घाटावरचे.’ आता आमच्या जिल्ह्यातही घाटावरचे आणि घाटाखालचे असा भेद आहे. सिंदखेड राजा, मेहकर, चिखली वरचे. खामगाव, शेगाव, मलकापूर खालचे. दोघेही एकमेकांना किंचित कमी समजतात. इतक्या लांब येऊनही आमचा दर्जा बदलला नव्हता. मग मी सिंदखेड राजाचं नाव घेतलं. मुलगा एकदम सावरून उभा राहिला. ‘आईसाहेबांचा गाव?’ आणि त्याने आमचा सामानाचा बोजा स्वतःच्या हातात घेतला.

सिंधुदुर्गाची हकीकत त्याने नाव वल्हवता वल्हवता सांगितली. ती आम्हाला पाठ होती, तरी ऐकली. कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी. बेटावर अठ्ठेचाळीस एकरांत पसरलेला किल्ला, नागमोडी तट, पायाचे दगड बसवताना ओतलेलं शिसं. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. पाच परस खणून खडक लागणाऱ्या गावच्या माणसाला ही हकीकत ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. समुद्राच्या मधोमध साखरबावेला पाणी आहे, आणि ऊसवाल्यांचा म्हणून नावारूपाला आलेला दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना मात्र केव्हाचा बंद पडला. आपण कोरडे कुठे पडलो, याचा विचार त्या नावेत बसून करू नये असं ठरवलं.

पाण्यात जाण्याआधी एक कागद भरायचा असतो. दमा आहे का, रक्तदाब आहे का, कानाचं काही दुखणं, अलीकडे शस्त्रक्रिया. खरं लिहावं, खाली गेल्यावर खोटं चालत नाही. मग अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. तो चढवायला दोन माणसं लागतात आणि चढल्यावर पोट नावाचा अवयव सगळ्या मालवणला दिसतो. पाठीवर सिलिंडर. २०२१चा कोरोनाचा उन्हाळा ज्याने पाहिला, त्याला सिलिंडर या वस्तूकडे गमतीने बघायला जरा वेळ लागतो. पण यात नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते, तुमच्या-माझ्या ओट्यावरची. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कूस्तो आणि एमील गान्यां या दोघांनी अशी झडप बसवली की पाणबुड्या श्वास ओढेल तेव्हाच आणि जेवढा ओढेल तेवढीच हवा नळीतून यावी. गान्यांची मूळ झडप पाण्यासाठी नव्हतीच. युद्धात पेट्रोलची टंचाई पडली, मोटारी गॅसवर चालवायच्या होत्या, त्यासाठी ती केलेली. टंचाईने आमच्याकडे टँकर दिले, तिकडे समुद्राचा तळ दिला.

सर्वांत शेवटी कमरेला शिशाच्या वड्यांचा पट्टा. माणसाचं शरीर पाण्यावर तरंगायला बघतं, त्याला खाली धरायला हे वजन. किल्ल्याच्या पायाला शिसं, पाणबुड्याच्या कमरेला शिसं. दोघांनीही लाटेबरोबर जाऊ नये म्हणून. आबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, पैसे देऊन बुडायचं, वर गळ्यात धोंडाही आपणच बांधून घ्यायचा.

‘काकानू, पोहूक येता?’ मुलाने विचारलं.

‘येतं. विहिरीत.’

‘समुद्रात तसांच. फक्त भिंती नाय.’

मग नियम. पहिला नियम असा की श्वास रोखायचा नाही. जन्मभर विहिरीत बुडी मारताना श्वास रोखणं एवढं एकच कसब शिकलेल्या माणसाला सांगतात, श्वास घेत राहा. कारण सरळ आहे. दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा रोखून माणूस वर आला तर दाब कमी होताच ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून आत-बाहेर, आत-बाहेर, अखंड. दुसरा नियम नाकाचा: श्वास तोंडानेच, नाक विसरायचं. ‘नाक घराक ठेवन इलात असां समजा,’ मुलगा म्हणाला. आमच्या घराण्यात नाकाला फार महत्त्व आहे, पण म्हटलं ठीक. तिसरा, कानात दडे बसले की नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबायची, कान ‘फट्’ करून मोकळे होतात. चौथा नियम खुणांचा, आणि सगळी गंमत तिथे झाली.

अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. अंगठा वर केला की ‘मला वर घ्या’. आमच्यासोबत जळगावकडचे एक गृहस्थ होते, दिलखुलास माणूस. खाली गेले, पट्टेवाल्या माशांचा थवा चेहऱ्यासमोर आला, आनंद मावेना, त्यांनी मार्गदर्शकाला झकास म्हणून अंगठा दाखवला. मार्गदर्शकाने त्यांना मुकाट्याने वर आणलं. पुन्हा खाली. पुन्हा मासे, पुन्हा आनंद, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. शेवटी नावेच्या कडेला धरून मुलगा त्यांना हात जोडून म्हणाला, ‘दादा, बरां वाटला तर गोल दाखवा. अंगठो दाखवल्यात तर मी वर काढतलंय.’ गृहस्थ म्हणाले, ‘पण मला तर फार बरं वाटत होतं!’ आमच्या आजोबांच्या पिढीला याचं नवल वाटलं नसतं. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला की हातचं काहीतरी जातं, हा त्यांचा अनुभव. समुद्राच्या तळाशीही कायदा तोच निघाला.

माझी पाळी आली. मुलाने सिलिंडरला मागून धरलं आणि म्हणाला, ‘घाबरा नको, मी आसंय.’ डोकं पाण्याखाली गेलं आणि आवाज बंद झाले. नाव, माणसं, मंडळींच्या सूचना, सगळं वर राहिलं. उरला तो आपल्याच श्वासाचा घरघराट आणि बुडबुडे. थोड्या वेळाने त्यामागे आणखी एक बारीक, अखंड चटचट ऐकू यायला लागली. ती खडकांच्या फटींत बसलेल्या चिमुकल्या कोळंब्यांची. त्या नांगी इतक्या झटक्याने मिटतात की पाण्यात आवाज होतो. आपण ज्याला शांतता म्हणत होतो तिथे कुणाचा तरी बाजार भरलेला होता.

वीस-पंचवीस फूट म्हणजे आमच्या हिशेबाने तीन-चार परस. आमच्या विहिरीत तेवढ्या खोलीवर पूर्ण अंधार. इथे ऊन खालपर्यंत आलेलं. मनगटावरच्या पूजेच्या लाल धाग्याकडे नजर गेली तर तो मळकट तपकिरी. पाणी उजेडातला लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं, निळा सर्वांत शेवटी. म्हणून खोलावर सगळं निळसर दिसतं. वर आल्यावर धागा पुन्हा लाल. देवाचा धागा रंग बदलत नाही, उजेड बदलतो, हे घरी आईला समजावून सांगायला नंतर बराच वेळ गेला.

आणि मग प्रवाळ. टीव्हीवर दिसतं तसं लाल-जांभळं फुलांचं शेत मालवणला नाही. ते लक्षद्वीपला, अंदमानला. इथे खडकांवर जागोजागी गोल गोळे, राईच्या, मातीच्या, मळकट हिरव्या रंगाचे. न सांगता गेलं तर माणूस धोंडे समजून पुढे जाईल. मुलाने हाताने थांबवलं आणि एका गोळ्याजवळ नेलं, मध्ये वीतभर अंतर राखून. जवळून बघितल्यावर त्या धोंड्याची कातडी दिसली. सगळ्या अंगावर बारीक बारीक वाट्या, एकीला एक चिकटून, आणि प्रत्येक वाटीच्या कडेला उभ्या रेघा, कुणीतरी सुईने कोरल्यासारख्या. प्रत्येक वाटीत एक प्राणी राहतो. तोंड एकच, भोवती इवलेसे हात, आणि घर बांधायचं काम रात्रंदिवस चालू. समुद्राच्या पाण्यातला चुना काढून तो खाली घर वाढवत जातो. असे गोळे वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. माझ्या गुडघ्याएवढा जो गोळा होता, तो मी चड्डीत शाळेत जात होतो तेव्हापासून तिथे बसून चुन्याचं काम करत असणार.

या प्राण्याचं संसाराचं गणित आमच्या शेतकऱ्याला चटकन कळेल, कारण तो चक्क बटईचा व्यवहार आहे. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळं राहतं. जागा प्रवाळाची, खत प्रवाळाच्या श्वासाचं आणि मलमूत्राचं. शेवाळं उन्हावर साखर पिकवतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. प्रवाळाचा रंगही बहुतेक त्या बटईदाराचाच. हा करार पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालतो. पण पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की मालकाचं डोकं फिरतं आणि तो बटईदाराला घराबाहेर काढतो. मग अंगाचा रंग जातो, खालचा पांढरा चुना दिसतो. पाणी वेळेत निवलं तर समेट होतो. नाही निवलं तर मालक उपाशी मरतो. २०२४च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की जगभरची प्रवाळं एकाच वेळी अशी पांढरी पडण्याची ही चौथी खेप. उन्हाने आमचं बोंड गळतं, तिकडे प्रवाळाचा रंग गळतो. पंचनामा दोन्हीकडे उशिराच होतो.

शेजारच्या गटात कुणीतरी पाव सोडला. एका क्षणात पट्टेवाले मासे असे तुटून पडले की माणूस दिसेना. फोटो मात्र झकास आला असणार. वर आल्यावर मी मुलाला विचारलं, हे बरं का? तो ओशाळला. ‘गिऱ्हाइकाक होया आसता,’ म्हणाला. गिऱ्हाइकाला हवं असतं, म्हणून. पावाची सवय लागलेला मासा खडकावरचं शेवाळ खायचं सोडतो, ते माजतं आणि प्रवाळाला झाकतं. शिवाय मैद्याने माशाचं पोट बिघडतं. लग्नाच्या पंगतीत फुकटचं खाऊन बिघडणारी पोटं आम्ही पाहिलेली आहेत, मुद्दा पटायला वेळ लागला नाही.

मग मोबाइलवर कुणी काय पाहिलं याची उजळणी सुरू झाली. आम्ही शहाण्यासारखे रंग सांगत होतो, मुलगा चव सांगत होता. ‘ह्यो गोबरो. कढी बरी जाता. ह्येचा तिखला करूचा.’ जगाचं मत्स्यज्ञान त्याने जिभेवर साठवलेलं. तेव्हा मला वाटून गेलं की प्रवाळ बघायला सर्वांत लायक माणूस माळकरीच. मासा समोरून गेला तरी त्याच्या मनात कढई येत नाही.

मंडळींनी विम्याचे कागद पुतण्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, ‘मी पण जाते.’ गेल्या, आल्या, आणि केस पिळता पिळता मुलाला एकच गोष्ट विचारली, जी मला सुचली नव्हती. ‘भाऊ, पावसाळ्यात काय करता रे?’

पावसाळ्यात सगळं बंद. समुद्र खवळतो, नद्यांचा गढूळ लोंढा येतो, खाली हात दिसत नाही. किल्ल्याची होडीसुद्धा बंद. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही सरकारी बंदी, कारण तो माशांचा विणीचा काळ. मुलगा म्हणाला, घरची भातशेती आहे, ती करतो. म्हणजे ज्या मृगाकडे आम्ही डोळे लावून बसतो, तो आला की यांचं दुकान बंद. आमच्या चौपट पाऊस पडतो त्यांच्याकडे, आणि तो त्यांना धंद्याच्या आड येतो. मंडळी म्हणाल्या, ‘थोडा आमच्याकडं धाडा.’ मुलगा मनापासून म्हणाला, ‘व्हरा, काकी. कितको व्हया?’

या पाण्याला कायद्याचं कवचही आहे. मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे २९ चौरस किलोमीटरचा. मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. पोटाचा प्रश्न होता, आणि अभयारण्याच्या रेषेत जमीन असलेल्या कुणालाही तो कळेल. आता त्यांचीच पोरं पर्यटकांना हाताला धरून प्रवाळ दाखवतात आणि हात लावू देत नाहीत. आमच्या मुलाने खाली दोनदा माझा हात अलगद बाजूला केला. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. आमच्याकडे कुणी वाघाला हात लावायला जात नाही, त्यामुळे ही गोष्ट लगेच ध्यानात राहते.

याहून मोठं वैभव आणखी आत आहे. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे चहूबाजूंना खोल समुद्र आणि मध्येच उथळावर प्रवाळांचं राज्य. सामान्य माणसाच्या खिशाला आणि पोटाला ते झेपणारं नाही. शास्त्रज्ञ जातात, तेही हवामान बघून. आणि याच किनाऱ्यालगतच्या निवती रॉकजवळ एक बेत आखला गेला. आयएनएस गुलदार ही नौदलाची निवृत्त नौका तिथे बुडवून त्यावर कृत्रिम प्रवाळभित्ती करायची. पोलादी जहाज तळाशी बसलं की त्याच्यावर शिंपले बसतात, शेवाळ धरतं, मासे आडोशाला येतात. गुलदार नौदलातून निवृत्त झाली तो दिवस १२ जानेवारी २०२४. त्या दिवशी आम्ही सगळे सिंदखेड राजात जिजाऊंच्या जन्मोत्सवाच्या गर्दीत होतो. अंदमानात एक जहाज निरोप घेतंय, आणि ते पुढे त्यांच्या लेकाच्या किल्ल्याच्या मुलखात येऊन तळाशी विसावणार आहे, हे आमच्यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

परत आल्यावर पारावर चौकशी झाली. आबांनी एकदम मुद्द्याला हात घातला. ‘मासे पाह्यले?’

‘पाह्यले.’

‘खाल्ले?’

‘नाही.’

‘मंग खर्च कायचा केला?’

मी त्यांना प्रवाळाचं, बटईचं, घराबाहेर काढलेल्या शेवाळ्याचं सांगितलं. आबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘बटईदाराले काढल्यावर मालक मरते, हे आपल्याकडच्या दोघा-चौघाले सांगून ये.’ आणि तंबाखू मळायला लागले. त्यांनी स्कूबा मान्य केल्याची तीच खूण मी समजतो.

घाटावरच्या मंडळींना माझं सांगणं आहे: एकदा जाऊन या. पोहता येत नसलं तरी चालतं, श्वास घेता आला पाहिजे आणि कागदावर खरं लिहिता आलं पाहिजे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आणि मालवणच्या धक्क्यावर मार्गदर्शक असतात. कमी पैशांत जास्त खाली नेतो म्हणणाऱ्यापेक्षा नियम समजावून सांगणाऱ्याकडे जा. पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत नितळ असतं. तोवर आपलं सोयाबीन घरात आलेलं असतं आणि हरभरा पेरून झालेला असतो. सोयाबीनला भाव मिळाला तर दोघं जा, नाही मिळाला तर एकजण जा. खाली काही तोडू नका, कशाला हात लावू नका, आणि फोटोसाठी मार्गदर्शकाकडे पाव मागू नका. आपण मागितला नाही तर तो सोडणारही नाही.